रोमच्या औद्योगिक क्रांतीचं घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं?

निकोमेडियात आगीचा बंब नव्हता. आजच्या तुर्कस्तानातले इझमित म्हणजे तेव्हाचे निकोमेडिया, रोमन साम्राज्याच्या बिथिनिया प्रांतातले मोठे शहर. इ.स. 110 च्या सुमारास तिथे आग लागली आणि पुष्कळ घरे जळाली. मध्ये रस्ता असूनही दोन सार्वजनिक इमारती राख झाल्या. प्रांताचा कारभारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. तो म्हणतो, आग आधी वाऱ्याने पसरली आणि मग लोकांच्या आळसाने. माणसे जागची न हलता बघत उभी होती. गावात ना बंब, ना बादली. शेवटी तो परवानगी मागतो की कारागिरांचे दीडशे जणांचे एक पथक उभारू का? कारागिरांखेरीज कुणाला घेणार नाही, आणि एवढ्याशा लोकांवर नजर ठेवणे काही अवघड नाही.

ट्रेजनने काय उत्तर दिले ते पुढे येईलच. आधी बंबाबद्दल. दोन नळकांडी, आत वरखाली होणारे दट्टे, उघडझाप करणाऱ्या झडपा आणि मधून उसळणारे पाणी, असा हा पंप अलेक्झांड्रियाचा यंत्रकार क्टेसिबियस याच्या नावावर आहे, आणि तो इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने त्याची रचना लिहून ठेवली आहे. स्पेनमधल्या एका खाणीत सापडलेला ब्राँझचा पंप माद्रिदच्या संग्रहालयात बघायला मिळतो. खुद्द रोममध्ये सम्राट ऑगस्टसने इ.स. 6 मध्ये अग्निशामक दल उभे केले, त्यांच्याकडे असे बंब होते. म्हणजे यंत्र तीनशे वर्षांचे जुने, राजधानीत वापरातले, आणि एका श्रीमंत प्रांतातल्या मोठ्या शहरात एकही नाही.

रोमकडे एवढी अक्कल होती, मग तिथे औद्योगिक क्रांती का झाली नाही, हा प्रश्न निघाला की मला हे पत्र आठवते. लोक मात्र दुसऱ्याच दोन गोष्टी सांगतात. हल्ली एआयमुळे नोकऱ्या जाणार का यावर वाद पेटला की त्यातली पहिली हमखास येते. कॅपिटोल टेकडीवर अवजड खांब थोड्या खर्चात पोचवून देतो म्हणून एक यंत्रकार सम्राट व्हेस्पेशियनकडे आला. सम्राटाने त्याला घसघशीत बक्षीस दिले, पण योजना बाजूला ठेवली. माझ्या गरीब लोकांना मला खाऊ घालू दे, असे काहीसे तो म्हणाला. ही हकीकत सम्राटांची चरित्रे लिहिणाऱ्या सुएटोनियसची. तात्पर्य असे काढतात की राज्यकर्ते यंत्राला भ्यायले, म्हणून रोम मागे राहिले.

आता हाच व्हेस्पेशियन कलोसियमचे काम सुरू करणारा. त्या काळातल्या हॅटेरी घराण्याच्या थडग्यावर एक शिल्प आहे, त्यात भली मोठी यारी, म्हणजे आपण क्रेन म्हणतो ती, कोरलेली दिसते. तिच्या पायाशी पिंजऱ्यासारखे चाक, आणि चाकाच्या आत माणसे पावलांनी ते फिरवताहेत. यंत्राची भीती असणाऱ्या शहरात असली शिल्पे थडग्यावर कोरत नाहीत. खांब वाहण्याची मजुरी ही सम्राटाच्या तिजोरीतून शहरातल्या गरिबाच्या चुलीपर्यंत जाणारी वाट होती, ती त्याला बंद करायची नव्हती, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ. रोजगार हमीच्या कामावर मजुरांच्या जागी यंत्र लावायचे नाही, असे आपल्याकडेही आहे. म्हणून कुणी महाराष्ट्राला यंत्रविरोधी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट काचेची. न फुटणारी काच बनवणाऱ्या माणसाला सम्राट टायबेरियसने संपवले, का, तर सोन्याचांदीचा भाव पडेल. धाकट्या प्लिनीचा मामा, थोरला प्लिनी, यानेच लिहून ठेवले आहे की ही कथा पसरली फार, पण तिच्यात खात्रीचे कमी. आणि गंमत अशी की त्याच काळात काचेच्या धंद्यात खरीखुरी क्रांती चालू होती. नळीने फुंकून काच फुगवण्याचे तंत्र भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर निघाले आणि इटलीत पोचले. पूर्वी काचेचे भांडे म्हणजे श्रीमंताचा शौक. त्या काळचा भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की रोममध्ये काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळतो. कुठल्याही सम्राटाने काच फुंकणाऱ्यांचा गळा दाबला नाही. गोष्ट लक्षात राहिली आणि पेला विसरला गेला.

या गोष्टींना विद्वत्तेची झूल चढवली ती इतिहासकार मोझेस फिन्ली यांनी. 1965 च्या त्यांच्या निबंधाचा सूर असा की प्राचीन जग तंत्राच्या बाबतीत जवळजवळ थिजलेले होते. गुलाम होते, वरच्या वर्गाला कष्टाची घृणा होती, मग सुधारणा करायची कुणी आणि कशाला. एक अख्खी पिढी यावर वाढली. पुढे केव्हिन ग्रीन, अँड्र्यू विल्सन अशा पुरातत्त्वज्ञांनी उत्खननातला पुरावा समोर मांडला आणि चित्र पालटले.

तो पुरावा जवळून बघण्यासारखा आहे. दक्षिण फ्रान्समध्ये आर्ल शहराजवळ बार्बेगाल नावाची जागा आहे. टेकडीच्या उतारावर दोन रांगांत आठ-आठ अशी 16 पाणचाके, एकाखाली एक. वरून पाटाचे पाणी सोडायचे, ते एका चाकावरून खालच्या चाकावर पडत जायचे. दिवसाला साडेचार टन पीठ निघत असावे, असा एक हिशेब आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले हे काम. लाकूड केव्हाच कुजून गेले, पण पाण्यातल्या चुन्याचे थर चाकांवर चढले होते ते उरले. आपल्या नळाच्या तोटीवर चढतात तसलेच. 2018 मध्ये संशोधकांनी ते थर वाचले, तेव्हा कळले की चाके दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूत बंद असत. शहराला रोज पीठ पुरवायचे तर गिरणी अशी कशी बंद ठेवतील? म्हणून अंदाज असा की इथले पीठ जहाजावरच्या टिकाऊ बिस्किटांसाठी जात असावे. हिवाळ्यासाठी जहाजांना समुद्र बंद होण्याची वेळ जवळ आली की गिरणीही बंद.

तुर्कस्तानात पामुक्कालेजवळ हिएरापोलिस आहे. तिथल्या तिसऱ्या शतकातल्या एका दगडी शवपेटीच्या झाकणावर पाणचाक कोरले आहे. चाकाची गोल गती दांड्यांच्या जोडणीने मागेपुढे होणाऱ्या करवतीला दिली आहे, आणि करवत दगड कापते आहे. ज्या जोडणीशिवाय पुढच्या काळात वाफेच्या इंजिनाने एक चाक फिरवले नसते, ती इथे एका गिरणीवाल्याने हौसेने स्वतःच्या शवपेटीवर मिरवली आहे. ग्रीनलंडच्या बर्फात त्या काळच्या खाणींच्या धुरातले शिसे थराथराने गोठलेले सापडते. साम्राज्याच्या भरभराटीच्या पहिल्या दोन शतकांत ते चढते आणि इ.स. 165 ची मोठी साथ आली की कोसळते. रोमच्या संपत्तीत खरी वाढ झाली होती, याची साक्ष शिसे देते आणि उत्खननात सापडणारी मोडकी मडकी देतात.

मग गुलामगिरीचे काय? गुलाम फुकट राबत होते म्हणून यंत्र नको होते, हे स्पष्टीकरण ऐकायला इतके सोपे आहे की मला त्याचा संशय येतो. गुलाम फुकट नसतो. त्याला विकत घ्यावे लागते, खायला घालावे लागते, तो मरतो. सम्राट कलिगुलाने एकदा सामान वाहायला गिरण्यांची जनावरे उचलून नेली, तर रोममध्ये भाकरीची टंचाई झाली; म्हणजे राजधानीचे दळण माणसांच्या हातावर नाही, जनावरांवर चालत होते. सम्राट डायोक्लेशियनच्या इ.स. 301 च्या दरपत्रकात हातजाते 250 दिनार, गाढवाचे 1250, घोड्याचे 1500 आणि पाण्यावरचे 2000. पाणजाते गाढवाच्या जात्याच्या दुप्पटही नाही. आणि गुलामगिरी व यंत्र यांचे वाकडे असते असे मानले, तर अमेरिकेचे काय करायचे? 1793 मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाले. 1790 मध्ये तिथे सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये 40 लाखांच्या घरात. यंत्राने गुलामगिरी घालवली तर नाहीच, उलट फोफावली.

गुलामगिरीने केले ते वेगळेच काही, आणि ते रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या एका पत्रात नकळत उघडे पडते. तो सांगतो, आमच्या डोळ्यांदेखत काही गोष्टी निघाल्या: उजेड आत घेणारी खिडक्यांची तावदाने, भिंतीत नळ्या घालून उबदार केलेली स्नानगृहे, भाषण पडेल तसे टिपून घेणारी लघुलिपी. आणि पुढे नाक मुरडतो: ही सगळी हलक्यातल्या हलक्या गुलामांची डोकी. सेनेकाला म्हणायचे होते की ज्ञानी माणसाचे हे काम नव्हे. मला त्यात दिसते ते असे की डोके चालवणारे गुलामच होते आणि त्यातल्या एकाचेही नाव सेनेकाने लिहिण्याच्या लायकीचे मानले नाही. ज्याने तावदान शोधून काढले, त्याचा तावदानावर हक्क नव्हता. शोध लावणाऱ्याला ठरावीक वर्षांचा हक्क देणारा व्हेनिसचा कायदा 1474 चा, म्हणजे चौदाशे वर्षे लांब.

आता इथे कुणी मला अडवील, आणि बरोबर अडवील. रोमन कायद्यात गुलामाला स्वतःची म्हणून थोडी पुंजी बाळगता येई, त्यावर तो धंदा करी, पैसे साठवून सुटका विकत घेई. सुटलेले गुलाम गडगंज झाल्याची उदाहरणे पैशाला पासरी आहेत. रोमच्या पोर्ता माज्जोरे या वेशीशी युरिसासेस नावाच्या भटारखानेवाल्याचे थडगे आहे, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरचे. तोही सुटलेला गुलाम असावा असे पुष्कळांना वाटते. थडगे कसले, भटारखान्याची जाहिरातच. दर्शनी भागावर मोठाली गोल भोके, पीठ मळायच्या पिंपांची तोंडे असावीत तशी. वर पट्टीत सगळे काम क्रमाने कोरलेले: धान्याची मोजणी, गाढवांनी ओढायची जाती, जनावराच्या ताकदीवर फिरणारे कणीक मळायचे यंत्र, पाव वळणाऱ्यांची रांग, भट्टी, वजनकाटा. बायको अतिस्तिया हिच्या लेखात म्हटले आहे की तिचे अवशेष पावाच्या टोपलीत ठेवले आहेत. आणि युरिसासेस स्वतःला काय म्हणवतो? भटारी आणि ठेकेदार.

‘ठेकेदार’ या शब्दापाशी मी थांबतो. त्याचे गिऱ्हाईक बहुधा सरकार. नफा झाला, तो कुठे गेला? आपल्याला दिसतो तेवढा तरी दगडात गेला. युरिसासेसच्याच आगेमागे रोमचा नामांकित वक्ता सिसेरो लिहीत होता की कारागिरी हीन, किरकोळ व्यापार हीन. मोठा व्यापार एक वेळ चालेल, आणि त्यातून मन भरेपर्यंत कमावून माणसाने बंदरावरून शेताकडे मोर्चा वळवला तर मग तो अगदी स्तुतीला पात्र. पैसा कमवावा, आणि कमावला हे विसरले जावे म्हणून जमीन घ्यावी. हा रोग फक्त रोमचा नाही. दुकानाचा गल्ला वाढला की गावाकडे सात-बारावर नाव चढवायची घाई आपल्यालाही कळते. पण रोममध्ये जमिनीखेरीज पैशाला प्रतिष्ठेची दुसरी जागाच नव्हती. यंत्रातून आलेला पैसा पुढच्या यंत्रात जायच्या ऐवजी द्राक्षमळ्यात, स्नानगृहात, थडग्यात मुरत गेला. शायडेल आणि फ्रीसेन या अभ्यासकांनी 2009 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार वरच्या दीड टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा जात होता. बाकीच्यांच्या हातात काचेचा पेला आला, हे खरे. पेल्याच्या पुढे फारसे काही आले नाही.

आणि मोठी यंत्रे तर राज्याच्याच दावणीला. स्पेनच्या लास मेदुलासमध्ये पाटाने आणलेले पाणी तळ्यांत साठवून एकदम सोडत आणि डोंगर फोडत. थोरला प्लिनी काहींच्या हवाल्याने त्या भागातल्या सोन्याचा वर्षाचा आकडा 20,000 रोमन पौंड देतो. हे सोने सम्राटाचे. आपल्याकडच्या केरळातल्या मुझिरिस बंदरातून गेलेल्या ‘हर्मापोलॉन’ जहाजाच्या मालाचा हिशेब एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर आहे, माल सुमारे 70 लाख सेस्टर्सचा, म्हणजे तेवढ्या रोमन नाण्यांचा. त्यावर सीमेवरचा कर चौथाई. रोमच्या मोंते तेस्ताच्चो या टेकडीत दगड-मातीपेक्षा फोडलेल्या तेलाच्या रांजणांची खापरेच जास्त, आणि त्या तेलाचा मोठा वाटा सरकारी पुरवठ्याचा. राज्याला हवे तोवर पाणी सोडले, चाक फिरले. तिसऱ्या शतकात नाण्यातली चांदी आटली, लढाया वाढल्या, आणि लास मेदुलासच्या खाणीही थांबल्या. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की शाळेच्या सहलीत पाहिली असेल, तर हे पटकन समजेल. लांबून आणलेले पाणी, त्यावर फिरणारे जाते, आणि पीठ जायचे दर्ग्यातल्या यात्रेकरूंच्या व विद्यार्थ्यांच्या पंगतीला. उत्तम योजना. पण ती त्या पंगतीपुरती. दुसऱ्या पाणचक्कीला जन्म देण्याचे तिला कारणच नव्हते.

आता ट्रेजनचे उत्तर. त्याने कारागिरांच्या पथकाला नकार दिला. तुझ्या प्रांतातली शहरे असल्या मंडळ्यांनीच नासवली आहेत हे विसरू नकोस, त्याने लिहिले. काहीही नाव द्या, कुठल्याही कारणाने द्या, माणसे एकत्र आली की थोड्याच दिवसांत त्यांची राजकीय टोळी होते. त्यापेक्षा आग विझवायची साधने आणून ठेव, घरमालकांना वापरायला सांग, आणि वेळ पडली तर जमलेल्या गर्दीला कामाला लाव.

बंब घ्या, पण बंब चालवणारी माणसे एकत्र येऊ देऊ नका. ट्रेजन चांगल्या सम्राटांत गणला जातो, आणि तो यंत्राला अजिबात भीत नव्हता. भीती होती ती यंत्राभोवती जमणाऱ्या हातांची. पण हुन्नर पुस्तकातून पसरत नाही. दट्ट्याला कातडे कुठले लावायचे, झडप कुठे गळते, हे एक कारागीर दुसऱ्याला शिकवतो, आणि त्याला धंद्याची पंचायत लागते, पत लागते, थोडे भांडायचे बळही लागते. रोममध्ये आणि रोमचे बंदर ओस्तिया इथे कारागिरांच्या मंडळ्या होत्या, सुतारांची तर मोठी होती. पण त्या परवानगीच्या आधाराने जगणाऱ्या. जेवणावळी, देवाची पूजा, सभासदाचे अंत्यसंस्कार, बड्या आश्रयदात्याचा पुतळा, यात त्यांची हयात गेली.

याच्या शेजारी नाशिकच्या पांडवलेण्यातला एक लेख ठेवावासा वाटतो. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, तिसऱ्या शतकातला. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली, ती कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. त्यात तेल गाळणारे आहेत, आणि ‘ओदयंत्रिक’ आहेत, त्यांच्याकडे दोन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. पाण्याची यंत्रे करणारे, असा या शब्दाचा अर्थ लावला जातो. विचार करा, गोदावरीच्या काठी पाण्याची यंत्रे करणाऱ्यांची संघटना इतकी पक्की होती की एका बाईने आपले पुण्य त्यांच्या व्याजावर सोडले. अर्थात म्हणून नाशकात औद्योगिक क्रांती झाली असे नाही. श्रेणी म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. कोळसा, बाजार, मजुरीचे दर, कायदा, असे शंभर धागे जुळावे लागतात. न्यूकमेनचे वाफेचे इंजिन 1712 मध्ये उभे राहिले ते इंग्लंडच्या कोळसा खाणीत साचणाऱ्या पाण्यामुळे, आणि अलेक्झांड्रियाचा प्राचीन यंत्रकार हेरॉन याचा वाफेने फिरणारा गोळा घेऊन कुणी ‘रोम एका पावलावर होते’ म्हणू लागले, तर ते एक पाऊल फार लांबचे आहे. पण कारागिराकडे पत आणि संघ असणे हा त्या शंभरातला एक धागा आहे, आणि रोमने तो जाणूनबुजून तोडला.

रोममध्ये यंत्रे नव्हती असे म्हणणारे आणि रोममध्ये यंत्रे होतीच, बघा केवढी, असे म्हणणारे, दोघेही यंत्रेच मोजत बसतात. थेस्सलोनिकेच्या अँटिपेटरने मात्र पाणचक्कीवर एक छोटी कविता केली आहे, त्यात तो वेगळेच काही मोजतो. दळणाऱ्या बायांनो, तो म्हणतो, कोंबडा आरवला तरी झोपून राहा. तुमच्या हातांचे काम आता देवीने जलपऱ्यांना सांगितले आहे. पाण्याच्या चाकाचा फायदा त्याने झोपेत मोजला, आणि हे माप मला आवडते.

आमच्या घरी जाते कोपऱ्यात पडून होते, खुंटा निघालेला, त्यावर कुंडी ठेवलेली. गावात डिझेलची गिरणी आली तेव्हा आजी तिशीत असेल. पहाटे चारचे दळण सुटले. मग झोप वाढली का, असे मी तिला एकदा विचारले होते. तिने माझ्याकडे वेड्यासारखे बघितले. “झोप कुठली रे? तेवढ्या वेळात लोकाच्या रानात खुरपायला जायचं. गिरणीवाल्याला दळणाचे पैसे कोण देणार मग?”